अशुद्धातून सापडलेले औषध

मार्च २०१८ मध्ये अभिनेते इरफान खान यांनी ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हा आपला आजार जाहीर केला, तेव्हा बहुतेकांनी त्याचा अर्थ मेंदूतील गाठ असा घेतला. ‘न्यूरो’ म्हणजे दर वेळी मेंदूच असे नव्हे, हा खुलासा त्यांना त्याच निवेदनात करावा लागला होता. हा गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्या शालेय पुस्तकांत चेतासंस्था एका प्रकरणात असते आणि अंतःस्रावी ग्रंथी दुसऱ्या प्रकरणात. या दोहोंना जोडणाऱ्या पेशी मात्र कोणत्याच प्रकरणात नसतात.

या पेशी आहेत तरी कोठे? आतड्याच्या व जठराच्या अस्तरात, श्वासनलिकांच्या आतल्या थरात, स्वादुपिंडात, अशा एकेकट्या किंवा लहान पुंजक्यांनी त्या विखुरलेल्या असतात. अवटू ग्रंथीसारखी स्वतंत्र ग्रंथी त्यांची बनत नाही. त्या संप्रेरके तयार करतात म्हणून अंतःस्रावी आणि ती बारीक कणिकांत साठवून, इशारा मिळताच चेतापेशीसारखी बाहेर सोडतात म्हणून ‘न्यूरो’. चांदीच्या क्षारांनी रंगविल्या की या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या दिसतात, आणि याच गुणावरून फ्रान्समधील प्येर मासों यांनी १९१४ मध्ये आतड्यातील एका विशिष्ट प्रकारच्या गाठींचे मूळ या पेशींत असल्याचे दाखविले. त्या गाठींना नाव त्याआधीच, १९०७ मध्ये, म्युनिकच्या झीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी दिले होते: ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखे दिसणारे पण कर्करोग नसलेले. त्या फार सावकाश वाढत आणि निरुपद्रवी वाटत. १९२९ मध्ये ओबर्नडॉर्फर यांनीच आपले मत सुधारले आणि यांतील काही गाठी शरीरात पसरतात असे मान्य केले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

आज या कुळात दोन टोके दिसतात. एका टोकाला वर्षानुवर्षे जवळजवळ आहे तेवढीच राहणारी गाठ आणि दुसऱ्या टोकाला फुप्फुसाचा ‘स्मॉल सेल’ कर्करोग, जो काही आठवड्यांतच हाताबाहेर जातो. दोन्हींमधील पेशींवर त्याच कुळाच्या खुणा सापडतात. एका औषधाने ही दोन टोके कशी वेगळी करून दाखविली, त्याची ही हकिकत आहे. तिची सुरुवात हिमालयातील एका मुळीपासून होते.

पश्चिम हिमालयात सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, बर्फ वितळले की एक लहान झुडूप वर येते. मोठी खंडित पाने, एकच पांढरट गुलाबी फूल आणि नंतर अंड्याच्या आकाराचे लाल फळ. या फळावरून त्याला बनककडी म्हणतात. काकडीशी तिचे काही नाते नाही. ती आपल्या ओळखीच्या दारुहळदीच्या कुळातली. तिचे शास्त्रीय नाव पॉडोफायलम हेक्झँड्रम. तिची एक बहीण उत्तर अमेरिकेच्या जंगलात वाढते आणि तिला तेथे ‘मे-ॲपल’ म्हणतात. या वनस्पतीचे जमिनीखालचे आडवे खोड (आल्यासारखे असते म्हणून लोक मुळी म्हणतात) तेथील मूळ रहिवासी रेचक म्हणून आणि चामखिळी घालविण्यासाठी वापरीत. त्यापासून काढलेली राळ, पॉडोफायलिन, १८२० पासून १९४२ पर्यंत अमेरिकेच्या औषधसंहितेत होती. इतके जहाल रेचक पुढे कोणी घेईना, म्हणून ती गळली. योगायोग असा की त्याच १९४२ साली न्यू ऑर्लिन्सचे डॉक्टर कॅप्लन यांनी हीच राळ विशिष्ट प्रकारच्या मोसांवर वरून लावली, आणि ते झडून गेले.

हे कसे झाले याचा उलगडा १९४६ मध्ये किंग आणि सलिव्हन यांनी केला. कांद्याच्या मुळाच्या टोकाचा काप करून पेशीविभाजन दाखविताना आपण कोल्चिसीनचे नाव सांगतो. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदात ते असते. कोल्चिसीनमुळे गुणसूत्रांना दोन्ही बाजूंना ओढणारे धागे तयार होत नाहीत आणि विभाजन अर्ध्यावर थांबते. पॉडोफायलिनही हेच करते असे त्यांना आढळले. त्यातील मुख्य द्रव्य, पॉडोफायलोटॉक्सिन, १८८० पासून शुद्ध स्फटिकांच्या रूपात माहीत होते. आता ते कर्करोगावर देऊन पाहण्याची कल्पना सुचणे ओघानेच आले. पण नावातच ‘टॉक्सिन’ असलेले हे द्रव्य पोटात किंवा शिरेत द्यावे तर गाठीआधी रोगीच खचे.

येथे स्वित्झर्लंडमधील बाझेल गावच्या सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ पुढे आले. त्यांचे प्रमुख आर्थर श्टोल यांचे आयुष्य डिजिटॅलिससारख्या वनस्पतींतील द्रव्ये वेगळी करण्यात गेले होते. त्या अनुभवाने त्यांना एक गोष्ट शिकविली होती. वनस्पतीत अनेक द्रव्ये शर्करेला जोडलेल्या स्थितीत असतात. मुळी खणून वाळविली की वनस्पतीचीच विकरे शर्करा तोडून टाकतात आणि आपल्या हाती उरते ते मोडलेले द्रव्य. मग पॉडोफायलमच्या बाबतीतही असेच होत नसेल कशावरून? शर्करा जोडलेला रेणू पाण्यात अधिक विरघळेल, कदाचित कमी विषारीही असेल. विकरांचे काम थांबवून मुळीचा अर्क काढण्याची रीत त्यांनी वापरली आणि १९५४ मध्ये श्टोल, रेंझ व आल्बेर्ट फॉन वार्टबुर्ग यांनी तसा रेणू खरोखरच मिळविला.

तर्क बरोबर ठरला, पण औषध मिळाले नाही. शर्करा जोडलेली द्रव्ये कमी विषारी होती, आणि पेशींवर तेवढीच कमी परिणामकारकही. मग फॉन वार्टबुर्ग यांनी या रेणूंवर रासायनिक फेरफार सुरू केले. त्यांतील एक स्वस्त आणि सोपा मार्ग असा की एकेक द्रव्य शुद्ध करीत न बसता मुळीतील शर्करायुक्त द्रव्यांचे सगळे मिश्रणच बेंझाल्डिहाइडबरोबर प्रक्रियेस घालायचे. या मिश्रणाला नाव मिळाले एसपी-जी. ते १९६३ मध्ये औषध म्हणून बाजारातही आले. गुण बेताचाच होता.

एखादी संस्था येथे समाधान मानून थांबली असती. पण १९५५ मध्ये सँडोझमध्ये आलेले डॉक्टर हार्टमान श्टेहेलिन यांना या मिश्रणाच्या वागण्यात दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे रक्ताचा कर्करोग दिलेले उंदीर या मिश्रणाने काहीसे अधिक जगत, पण मिश्रणातील ज्ञात घटक वेगळे करून दिले तर तेवढा लाभ दिसत नसे. दुसरी गोष्ट अधिक विचित्र होती. कोल्चिसीनसारखे द्रव्य दिले की विभाजनात अडकलेल्या पेशींची गर्दी दिसायला हवी. येथे विभाजन पावणाऱ्या पेशी उलट कमी झालेल्या दिसत. म्हणजे पेशी विभाजनाच्या दारापर्यंतच पोहोचत नव्हत्या. हे काम ज्ञात घटकांचे असू शकत नव्हते. मिश्रणात आणखी काहीतरी होते, प्रमाणाने अगदी थोडे आणि ताकदीने फार मोठे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या जागेचे महत्त्व लगेच कळेल. अपेक्षेपेक्षा वेगळे उत्तर आले की ‘नमुना अशुद्ध असेल’ असे म्हणून आपण तो पुन्हा शुद्ध करतो, आणि बहुधा तेच बरोबर असते. येथे मात्र नेमकी ती अशुद्धीच हवी होती. मिश्रणाचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर आणि पेशींवर तपासायचा, ज्यात गुण आहे त्याचे पुन्हा भाग पाडायचे, असा शोध बरेच दिवस चालला. अखेर सापडलेला रेणू पॉडोफायलोटॉक्सिनच्याच घरातला होता, फरक दोनच: एका मिथिल गटाची उणीव आणि एका कार्बन अणूवरील जोडणी उलट बाजूला वळलेली. एवढ्याशा फरकाने त्याचे पेशीतील लक्ष्यच बदलले होते.

मुळीत हा रेणू इतका थोडा होता की औषध करायचे तर तो भरपूर असलेल्या पॉडोफायलोटॉक्सिनपासून प्रयोगशाळेत घडविणे भाग होते. फॉन वार्टबुर्ग आणि त्यांचे सहकारी कून यांनी तशी रीत बसविली, आणि बेंझाल्डिहाइडच्या जागी इतर ॲल्डिहाइडे घालून अनेक भावंडे तयार केली. त्यांतील दोन टिकली. एक टेनिपोसाइड, आणि १९६६ मध्ये तयार झालेले दुसरे इटोपोसाइड. रुग्णांवर इटोपोसाइडच्या चाचण्या १९७१ मध्ये सुरू झाल्या. १९७८ मध्ये सँडोझने दोन्ही औषधे ब्रिस्टल-मायर्स या अमेरिकन कंपनीकडे सोपविली आणि १९८३ मध्ये वृषणाच्या कर्करोगासाठी इटोपोसाइडला अमेरिकेत मान्यता मिळाली. हा बहुधा तरुणांना होणारा कर्करोग. तो शरीरात पसरल्यावरही सिसप्लॅटिन आणि इटोपोसाइड यांच्या जोडीने बरा होऊ शकतो.

मान्यता मिळाली तेव्हाही औषध नेमके काय करते याचे चित्र पूर्ण झालेले नव्हते. १९७६ मध्ये लॉइक आणि सुझन हॉरविट्झ यांना दिसले होते की इटोपोसाइड दिलेल्या पेशींत डीएनएचे तुकडे होतात, पण परीक्षानळीत नुसत्या शुद्ध डीएनएत ते मिसळले तर काहीच होत नाही. म्हणजे तोडणारे हत्यार औषध नव्हते, ते पेशीतच होते. १९८४ मध्ये ते सापडले. त्याचे नाव टोपोआयसोमरेज-२.

या विकराचे काम समजावून सांगायला आम्ही रस्त्याचे उदाहरण घेतो. पेशीकेंद्रात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए कोंबलेला असतो. विभाजनापूर्वी त्याची प्रत निघताना पीळ पडतात, गाठी बसतात. हे विकर डीएनएचे दोन्ही पदर एका जागी कापते, त्या फटीतून दुसरा धागा पार करते आणि काप पुन्हा जोडून देते. रस्ता खणायचा, खालून नळ घालायचा आणि खड्डा बुजवायचा. इटोपोसाइड या कामगाराला खड्डा खणल्यानंतर आणि तो बुजविण्याआधी धरून ठेवते. (असे खड्डे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना फार लांब न्यावे लागत नाही.) असे पुष्कळ काप उघडे राहिले की पेशी मरते. आता महत्त्वाची बाब अशी की या विकराचा एक प्रकार वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींत विपुल असतो आणि निवांत पेशींत अगदी थोडा. कामगारच नसेल तर धरणार कोणाला? अस्थिमज्जा आणि केसांची मुळे यांतील पेशीही सतत विभाजन पावत असल्याने त्यांना मात्र या औषधाचा मार बसतो. शिवाय क्वचित, डीएनएचे तुटलेले तुकडे चुकीचे जोडले जाऊन काही काळाने रक्ताचा नवा कर्करोग उद्भवतो.

आता पुन्हा न्यूरोएंडोक्राइन गाठींकडे वळू. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगावर इटोपोसाइडचा गुण १९७० च्या दशकातच दिसला होता, आणि पुढे सिसप्लॅटिनबरोबरची जोडी तेथे नेहमीचा उपचार झाली. मग त्याच कुळातील पोटाच्या, आतड्याच्या, स्वादुपिंडाच्या गाठींवर ती का चालू नये? अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधील चार्ल्स मोर्टेल यांनी हा प्रश्न घेतला. मोर्टेल हे कठोर परीक्षक म्हणून प्रसिद्ध होते. जर्दाळूच्या बियांपासून काढलेले ‘लेट्राइल’ हे द्रव्य कर्करोग बरा करते असा अमेरिकेत मोठा गवगवा झाला, तेव्हा त्यांनी १७८ रुग्णांवर ते तपासले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की लाभ काही नाही, उलट काही रुग्णांच्या शरीरात सायनाइडचे प्रमाण धोक्याजवळ गेले. झाडापासून मिळाले म्हणून औषध सौम्य असते असे मानणाऱ्यांनी लेट्राइल आणि पॉडोफायलम ही दोन्ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत.

मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी इटोपोसाइड व सिसप्लॅटिन ही जोडी ४५ न्यूरोएंडोक्राइन रुग्णांना दिली आणि १९९१ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. एकूण १४ जणांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. १४ भागिले ४५, म्हणजे ३१ टक्के. हाच आकडा छापला असता तर वाचणाऱ्याने ‘औषध बरे आहे’ एवढेच म्हटले असते आणि प्रत्येक रुग्णाला एकतृतीयांश आशा दाखविली असती. पण त्यांनी रुग्णांचे दोन गट केले. ज्यांच्या गाठीतील पेशींनी आपले मूळ रूप राखले होते आणि ज्या सावकाश वाढत होत्या, असे रुग्ण २७ होते. त्यांतील फक्त दोघांना गुण आला. ज्यांच्या पेशी रूप हरवून बेफाम वाढत होत्या असे १८ होते. त्यांतील १२ जणांच्या गाठी आकसल्या. सात टक्के आणि सदुसष्ट टक्के यांची सरासरी काढता येते, पण त्या सरासरीचा रुग्ण कोठेही नसतो. पहिल्या गटातील पंचवीस जणांनी उलट्या, केसगळती, रक्तपेशींची घट हे सारे सोसले ते कशासाठी, हा प्रश्न त्या तक्त्यातूनच उभा राहतो. बाझेलच्या उंदरांच्या वेळी थोड्याशा अंशात दडलेला गुण शोधला गेला होता. येथे रुग्णांच्या यादीत दडलेला गट वेगळा काढला गेला.

अर्थात ‘सावकाश’ आणि ‘बेफाम’ हे शब्द मोजता आले पाहिजेत. ते साधन १९८३ मध्येच जर्मनीतील कील गावी योहानेस गेर्डेस व सहकाऱ्यांना मिळाले होते. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींच्या केंद्रालाच चिकटणारे एक प्रतिपिंड त्यांना सापडले. गावाचे नाव आणि ज्या खळग्यात ते सापडले त्याचा क्रमांक मिळून त्याला ‘केआय-६७’ म्हणतात. शंभर पेशींपैकी किती रंगतात ते मोजले की गाठीचा वेग कळतो. २०१० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात पचनसंस्थेच्या गाठींसाठी या आकड्यावर तीन प्रती ठरल्या. २० च्या वरचे सर्व तिसऱ्या प्रतीत.

पण २५ आणि ९५ एकाच पंक्तीत बसविणे ही पुन्हा सरासरीच झाली. २०१३ मध्ये नॉर्डिक देशांतील डॉक्टरांनी तिसऱ्या प्रतीच्या ३०५ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांचा आकडा ५५ च्या खाली होता त्यांपैकी १५ टक्के रुग्णांच्याच गाठी केमोथेरपीने आकसल्या, त्यावरच्यांत ४२ टक्के. आणि तरीही जगण्याचा मध्यक काळ पहिल्यांचा १४ महिने, दुसऱ्यांचा १० महिने. औषधाला ज्या गाठी दाद देतात त्यांचेच रुग्ण आधी जातात! हा विरोधाभास वर्गात गणिताच्या तासालाही सांगण्याजोगा आहे. वेगाने वाढणारी गाठ औषधाच्या तावडीत लवकर सापडते, पण वाचलेल्या थोड्या पेशी तितक्याच वेगाने पुन्हा उभ्या राहतात. पुढे २०१७ मध्ये स्वादुपिंडासाठी आणि २०१९ मध्ये सर्व पचनसंस्थेसाठी, रूप राखलेल्या पण वेगवान गाठींना वेगळा वर्ग देण्यात आला.

सावकाश वाढणाऱ्या गाठींसाठी उपाय निराळ्याच दिशेने आले. या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राहक असतात. त्यांना चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडून देतात. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीतही तयार करण्यात आले आहे.

वेगवान गाठींसाठी इटोपोसाइडला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तोही वनस्पतीतूनच. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले. वाणींचा जन्म आपल्या नंदुरबारचा. १९७२ मध्ये तेच द्रव्य गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या झाडात मिळाले. त्यापासून बनविलेले इरिनोटेकॅन आणि इटोपोसाइड यांची जपानमध्ये १७० रुग्णांवर समोरासमोर तुलना झाली. दोहोंबरोबर सिसप्लॅटिन होतेच. २०२२ मध्ये निकाल आला: इटोपोसाइड गटात जगण्याचा मध्यक काळ १२.५ महिने, इरिनोटेकॅन गटात १०.९. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. एका वर्षाच्या आसपास अडकलेला हा आकडा पाहिला म्हणजे अजून किती वाट चालायची आहे ते कळते.

या सगळ्यात बनककडीचे काय झाले? हिमालयातील या जातीत अमेरिकन बहिणीपेक्षा पॉडोफायलोटॉक्सिन कितीतरी अधिक असते, त्यामुळे मागणी तिलाच. पण हवे असते ते जमिनीखालचे खोड, आणि ते खणले की झाड संपले. पुन्हा रुजून खोड भरायला वर्षे लागतात. १९९० मध्ये तिचे नाव ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले, म्हणजे तिच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले.

२०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील वॉरेन लाऊ आणि एलिझाबेथ सॅटली यांनी निराळी वाट दाखविली. मे-ॲपलच्या पानांना जखम केली की झाड स्वसंरक्षणासाठी हे विष अधिक बनवू लागते. त्या वेळी कोणती जनुके जागी होतात ते पाहून त्यांनी साखळीतील सहा अज्ञात विकरे ओळखली, आणि सगळी मिळून दहा जनुके तंबाखूच्या एका ऑस्ट्रेलियन भाईबंदाच्या पानात घातली. त्या पानांनी जो रेणू तयार केला तो पॉडोफायलोटॉक्सिनही नव्हता. एक मिथिल गट उणा, एक जोडणी उलट बाजूला: बाझेलच्या मिश्रणात श्टेहेलिन ज्याच्या मागे लागले होते त्याच रेणूचा हा गाभा, फक्त शर्करा न जोडलेला.